ठिपका असलेली ओळ

सकाळी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला तिने दार उघडलं, तर बाहेरच्या मुठीला एक कापडी पिशवी लटकत होती. जुन्या पांढऱ्या चादरीच्या तुकड्याची, हाताने शिवलेली, बंद तेवढे नवे. आत एक जाड वही होती, दुसरं काही नाही. जिन्यात कुणी नव्हतं. कुणी बेल वाजवल्याचंही तिला आठवेना, आणि पहाटे चारपासून ती तशी जागीच होती.

बाबांना जाऊन चोवीस दिवस झाले होते. रविवारी दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या हृदय थांबलं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, भावंड नाही, त्यामुळे घर आवरणं हे सरळ तिच्याच गळ्यात आलं. महिनाअखेर घर मालकाच्या ताब्यात द्यायचं म्हणून आठ दिवसांची रजा टाकून ती आली, आणि तीन दिवसांत आवरून काय झालं होतं, तर भांड्यांचं एक कपाट. बाकीचं घर जागच्या जागी होतं. स्क्रू आकारांप्रमाणे बाटल्यांत, बाटल्या उंचीप्रमाणे फळीवर. चष्मा वर्तमानपत्रावर, वर्तमानपत्र त्या रविवारचं. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाई, काहीतरी उचले, आणि होतं तिथेच पुन्हा ठेवून देई.

भेटायला येणारे जिना चढून धापा टाकत बसत, पाणी पीत, आणि निघताना बहुतेक सगळे एकच सांगत: बाकी काही म्हणा, माणसाचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. तिने हे इतक्यांदा ऐकलं की पुढे फोनवर कुणी काही बोलायच्या आत तीच ते म्हणून टाकू लागली. शरीर थकलं होतं, पण डोकं शेवटपर्यंत लख्ख. तेवढ्या एका वाक्यावर तिचे हे चोवीस दिवस निघाले होते.

वहीला तपकिरी कागदाचं कव्हर होतं. त्यावर बाबांच्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'शंकासूर. धुलाईघर, मोठं इस्पितळ.' तिला हसू आलं. लहानपणी ती फार विचारू लागली की बाबा तिलाही हेच म्हणत. पदवी पुढे दुसऱ्या कुणाला दिली गेली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या पानावर नियम होता. 'डावं पान तुमचं, उजवं माझं. प्रत्येक खेपेला माझ्या उत्तरांत मी मुद्दाम एक चूक ठेवीन. ती शोधून डाव्या पानाच्या तळाशी लिहायची. सापडली नाही तर पुढचं उत्तर नाही.'

ती तशीच, बादली दारात ठेवून, जमिनीवर बसली.

बाबा शिक्षक नव्हते. तंत्रशाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. मीटर काढून द्यायचे, वायरी सोलून ठेवायच्या, तास संपला की सगळं मोजून पुन्हा कपाटात. प्राध्यापक मंडळी त्यांना 'अहो, जरा ती वायर' एवढ्याच नावाने हाक मारत. आणि या वहीत मात्र डावीकडचा प्रत्येक प्रश्न 'सर,' अशा हाकेने सुरू होत होता. शिसपेन्सिलीने, ठसठशीत, जरा मागे झुकलेल्या अक्षरात. सर, विजेला आधीच कसं कळतं की पुढे दिवा आहे? सर, सेल संपतो म्हणजे त्याच्या आतलं नक्की काय संपतं? सर, पक्षी तारेवर बसतो त्याला काही होत नाही, मग मी इस्त्रीच्या उघड्या वायरीला हात लावला तर मलाच का? सर, हसू नका.

उजवीकडे बाबा हिरव्या शाईत उत्तर देत. विजेला काही कळत नाही, त्यांनी लिहिलं होतं. सायकलची साखळी बघा. पुढच्या कडीला मागच्या चाकाची खबर नसते, तरी पायडल मारलं की सगळ्या कड्या एकदम निघतात. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, तुमचा एक पाय जमिनीवर असतो. आणि मी हसलो नाही, थोडासाच हसलो.

तिने पुढची पानं चाळली. वही दोन वर्षांपूर्वी सुरू झाली होती. दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पहाटे ही पिशवी या दाराला अडकवून जात होतं, आणि बाबा शुक्रवारी भरलेली वही पुन्हा तशीच बाहेर अडकवत होते. तिला ते दर रविवारी फोन करत. नळ गळतोय, भाजी महागली, शेजारच्यांनी रेडिओ बदलला, सगळं सांगत. हे तेवढं सांगितलं नव्हतं.

शेवटच्या डाव्या पानावर प्रश्न नव्हता, पत्र होतं.

'सर, उशीर झाला, माफ करा. दुहेरी पाळी चालू होती. या खेपेला मला तीन चुका सापडल्या. सहा-सहा ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर बारा ओहम, असं तुम्ही लिहिलंय. मला तीन येतात. अ‍ॅमीटर दिव्याच्या दोन टोकांना समांतर जोडायचा, असं लिहिलंय. मी जोडला, त्याच्यातला फ्यूज गेला. नऊ व्होल्ट आणि तीन ओहमला तुम्ही सत्तावीस अँपिअर लिहिलेत, मला तीनच येतात. सर, तुम्ही नेहमी एक ठेवता. तेव्हा यांतली एक तुमची असणार आणि दोन ठिकाणी माझं समजणं चुकलंय. कुठली दोन, ते आठ दिवस करून बघतेय. कळत नाही. मागेही काही महिने असंच वाटत होतं, पण बोलले नाही. बावन्नाव्या वर्षी डोक्यात शिरायचं तेवढं शिरून झालं असावं. शनिवारी संध्याकाळच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा आहे. तुम्ही एवढं केलंत, पण मी बसणार नाही. स्विचचं उत्तर मात्र नीट कळलं. तुम्ही लिहिलंत तसाच आईच्या खोलीत स्विच बसवला. दिवा छान बंद होतो. माझ्या हातचं पहिलंच काम.'

तिने पत्र दोनदा वाचलं. मग उठून बादली आत घेतली, चहा टाकला, आणि ओट्याशी उभं राहूनच ठरवून टाकलं की काय लिहायचं. त्यात अवघड काही नव्हतं. तिन्ही चुका सरांनी मुद्दाम ठेवल्या होत्या, परीक्षा जवळ आली म्हणून. तुमचं सगळं बरोबर आहे, परीक्षेला बसा. सर गेल्या महिन्यात वारले. शेवटपर्यंत त्यांचं डोकं लख्ख होतं. एवढ्यात सगळ्यांचं भागत होतं. बाई परीक्षेला बसली असती, बाबा होते तसे राहिले असते.

तिने कच्च्या कागदावर ते लिहूनही काढलं. चांगलं उतरलं होतं.

ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर तिचं पोट चाललं होतं. पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठांनी तिला एक सवय लावली होती: शेवटचं वाचन उलटं करायचं, तळाच्या ओळीपासून वर, म्हणजे मजकूर आपल्याला वाहवत नेत नाही. वही पिशवीत घालण्यापूर्वी, केवळ हाताच्या सवयीने, तिने बाबांची शेवटची उत्तरं तळापासून वाचायला घेतली.

तळाशी स्विचचं उत्तर होतं. 'स्विच न्यूट्रलच्या तारेवर बसवावा. दिवा बंद होतो.'

ते तिने वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

तिला भौतिकशास्त्र येत नव्हतं. पण वयाच्या सातव्या वर्षापासून ती बाबांसाठी बॅटरी धरून उभी राहिली होती, आणि ते स्टुलावरून, तोंडात स्क्रू धरून, दर वेळी तेच म्हणत: वीज येते ती वाट अडवायची, जाते ती नव्हे. जाण्याची वाट अडवली की दिवा विझतो खरा, पण दिव्याच्या खोबणीपर्यंत वीज येऊन उभीच असते. माणूस समजतो बंद आहे, आणि बोट घालतो.

पत्र लिहिणाऱ्या बाईला ही चूक सापडली नव्हती. सापडणारही नव्हती, कारण दिवा छान बंद होत होता.

आता तिला खाली बसून सगळी वही वाचणं भाग होतं. तीन नाहीत तर चार, आणि चार असतील तर मागे किती? तिने पेन्सिल घेतली. आणि एक गोष्ट केली, जी तिने तीस-पस्तीस वर्षांत केली नव्हती. वही खिडकीशी नेली, उन्हात तिरकी धरली, आणि ठिपका शोधला.

ठिपक्याची गोष्ट फक्त तिला ठाऊक होती. ती लहान असताना बाबा तिच्यासाठी गणितं सोडवून देत, त्यातही एक चूक पेरलेली असे, आणि ती तिने हुडकायची. नऊ वर्षांची असताना तिच्या लक्षात आलं की चूक असलेल्या ओळीच्या शेवटच्या शब्दाखाली पेन्सिलचा एक बारीक ठिपका असतो. आपण कुठे काय पेरलं हे स्वतःला आठवावं म्हणून बाबा तो देत. त्यानंतर तिने चूक कधी शोधलीच नाही, ठिपका शोधला. बाबा म्हणत, काय नजर आहे पोरीची. येईल जाईल त्याला सांगत. पुढे नोकरीच्या मुलाखतीलाही ते तिला म्हणाले होते, तुझी नजर आहे, घाबरतेस काय. आणि तिने त्यांना कधीही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत ते राहूनच गेलं होतं.

ठिपके होते. पहिल्या दीड वर्षात प्रत्येक उजव्या पानावर एक ठिपका, त्याच्या वर एक चूक, आणि समोर डावीकडे तळाशी त्याच झुकलेल्या अक्षरात 'चूक सापडली' आणि काय ती. दर वेळी बरोबर. या बाईला ठिपका माहीत नव्हता, ती खरोखर शोधत होती.

मग चौदा ऑक्टोबरचं पान आलं. ठिपका एका ओळीखाली, चूकही तिथेच. पण त्याच्या दोन ओळी वर शक्ती मोजायचं एकक 'वॉट'ऐवजी 'व्होल्ट' लिहिलं होतं, आणि त्याखाली काही नव्हतं. पुढच्या पानावर ठिपक्याशिवायच्या दोन चुका. डिसेंबरात अक्षर तेवढंच सुबक, हिरवी शाई तेवढीच हिरवी, आणि चार ओळींचं एक उत्तर सबंधच्या सबंध दोनदा लिहिलेलं. फेब्रुवारीपासून ठिपक्याची चूक एक आणि बिनठिपक्याच्या तीन, चार; बाबांच्याच आधीच्या उत्तरांशी ताडलं की त्या उघड दिसत. बाईने प्रत्येक पानावर एक शोधली होती आणि उरलेल्या खऱ्या धरून पाठ केल्या होत्या.

ऑक्टोबर. ऑक्टोबरातल्या एका रविवारी फोनवर बाबांनी विचारलं होतं, तुझ्या ऑफिसची सात नंबरची बस अजून उशिरा येते का? ते ऑफिस सोडून तिला सहा वर्षं झाली होती. ती हसून म्हणाली होती, "सापडली चूक, बाबा." पलीकडे जरा वेळ काहीच नव्हतं. मग ते म्हणाले होते, "शाब्बास."

तो जरासा वेळ आता तिला ऐकू आला. त्यानंतर तो खेळ त्यांच्यात फोनवर वरचेवर होऊ लागला होता, आणि बाबांना मौज वाटतेय म्हणून तिलाही वाटत होती. दर रविवारी ती म्हणे सापडली, ते म्हणत शाब्बास. तिच्या नजरेला काहीएक दिसलं नव्हतं. फोनवर ठिपका नसतो.

शेवटच्या पानावरचा ठिपका कुठे आहे, हे तिने सगळ्यात शेवटी पाहिलं. चार चुकांपैकी एकीखालीही तो नव्हता. होता तो वर, पहिल्याच उत्तराखाली. तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि वही मिटली.

कच्चा कागद तिने फाडला. बाबांच्या फोनमधले सगळे नंबर पाहिले, त्यांत शंकासूर नव्हता. मग वही पिशवीत घालून, पिशवी खांद्याला लावून ती मोठ्या इस्पितळाकडे निघाली.

धुलाईघर मागच्या अंगाला होतं. आत वाफ, साबणाचा उग्र वास, आणि एका रांगेत फिरणारी कपड्यांची सात मोठी यंत्रं. दारातल्या मुकादमाला तिने सांगितलं की एका बाईंना भेटायचंय, नाव माहीत नाही, त्या विजेचा अभ्यास करतात.

"फ्यूजताई होय," मुकादम म्हणाला. "इथे काही जळलं की वास आधी त्यांना येतो. इंजिनीअर नंतर येतो, चार दिवसांनी." आणि आत वळून ओरडला, "ताई, तुमच्या कॉलेजातून आलंय कुणीतरी."

इस्त्रीच्या लांब टेबलांमधून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई हात पुसत आली. केस फडक्यात घट्ट बांधलेले, मनगटावर भाजल्याचा जुना, गुळगुळीत झालेला चट्टा. तिची नजर आधी पिशवीवर गेली, मग पिशवी धरलेल्या हातावर.

"सरांच्या कन्या तुम्ही," ती म्हणाली. "छापायच्या आधी पुस्तकं तपासता त्या. सर सांगायचे."

त्या एका वाक्याने तिला आधीच ठरवलेलं सगळं विसरायला झालं. तिने सरळ विचारलं की आई आत्ता कुठे आहे, घरी एकटी आहे का, आणि दिव्याला हात लावते का.

आई बुधवारी स्टुलावर चढून दिव्यावरची धूळ पुसते, बाई म्हणाली, ऐंशीची झाली तरी ऐकत नाही. ती आणखी काही सांगणार होती, तेवढ्यात समोरचा चेहरा तिने पाहिला, आणि स्विच चुकीच्या तारेवर बसलाय एवढं ऐकलं. आज बुधवार होता.

बाईने भिंतीवरचा फोन उचलला. घंटा बराच वेळ वाजली. मग ती सगळ्या यंत्रांच्या वरताण आवाजात फोनमध्ये बोलू लागली: आई, दिव्याला हात लावू नको. नाही, पुसायचा पण नाही. राहू दे धूळ, धुळीने कुणी मरत नाही. दाराजवळची मोठी कळ आहे ना, ती खाली ओढ. हो, पंखा बंद पडणार. पडू दे. ओढलीस? पंखा थांबला? बघ वर. थांबला ना? मग खाली बस, मी आल्याशिवाय उठू नको.

तिने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मुकादम काहीतरी थट्टा करायच्या बेतात होता, तो आपल्या रजिस्टरात डोकं घालून बसला.

धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर दोघी बसल्या. बाबा गेल्याचं तिने दोन शब्दांत सांगितलं. बाईने डोक्याचं फडकं सोडलं आणि मांडीवर घेऊन ती त्याच्या घड्या घालत राहिली. कुठल्याशा दुकानात, तिने पुढे सांगितलं, दोन सेल जोडले तर दिवा जास्त का पेटतो असं तिने काउंटरवरच्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, मावशी, घ्यायचे असतील तर घ्या. मागे उभे असलेले सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, लिहून आणा. एवढीच ओळख. दोन वर्षांत समोरासमोर चारदा भेट झाली असेल. पाळी साडेपाचला सुरू, तेव्हा सर झोपलेले असायचे.

मग तिने विचारलं, "स्विचची चूक मला दिसली नाही. ती त्यांनी ठेवलेली?"

हो म्हणणं अजूनही शक्य होतं. आईला काही झालं नव्हतं. हो म्हटलं असतं, पानोपानच्या दुरुस्त्या करून दिल्या असत्या, आणि ही बाई सरांना विसरेपर्यंत सर लख्खच राहिले असते. फक्त ऑक्टोबरपासून पुढे जे काही तिने पाठ केलं होतं ते सगळं आपणच मंद म्हणून चुकलं, असं धरून ती इथेच इस्त्री फिरवत राहिली असती.

"नाही," ती म्हणाली. "बाबांना आठवेनासं झालं होतं. गेल्या ऑक्टोबरपासून. चार चुकांतली एकही त्यांनी ठेवलेली नाही. तुमचं तिन्ही ठिकाणी बरोबर होतं. मागेही तुम्हाला वाटत होतं ना, तेव्हाही तुमचंच बरोबर होतं."

हे वाक्य तिने याआधी कुणापाशी उच्चारलं नव्हतं. स्वतःपाशीही नव्हतं. कापडाच्या ढिगाऱ्यात ते फार मोठ्याने म्हटल्यासारखं वाटलं.

बाईने फडक्याची घडी मोडली. "मी सारखं म्हणायची, आपणच ढ. तीन-तीनदा जोडून बघायची आणि तरी म्हणायची, सर लिहितात म्हणजे असणारच." मग ती म्हणाली, "त्यांना कळत होतं?"

शुक्रवारी वही वेळेवर अडकवलेली असायची, अक्षर हललेलं नव्हतं, शाब्बास म्हणायला ते चुकले नव्हते. "कळत असावं," ती म्हणाली. "थोडंसं."

पाळी तीनला सुटली. घर जवळच होतं, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. आई खरोखरच हलली नव्हती. खुर्चीत हातपाय आवरून बसली होती, आणि लेक दिसताच म्हणाली, केव्हाची उकडतेय मी, पंखा काय पाहुण्यांना विचारून लावायचा आता? पाहुणीला तिने नीट न्याहाळलं, आणि हीसुद्धा वायरवालीच का, असं विचारून घेतलं.

बाईने आधी मोठी कळ वर केली, खोलीतला स्विच बंद केला, स्टुलावर चढून दिवा काढला आणि टेस्टरचं टोक खोबणीत धरलं. टेस्टरच्या दांड्यातला इवलासा तांबडा दिवा लागला. दोघीही त्याच्याकडे पाहत राहिल्या. स्विच बंद होता.

मग मोठी कळ पुन्हा खाली आणि काम सुरू. खोलीला खिडकी लहान, म्हणून बाईने बॅटरी तिच्या हातात दिली. तिने ती धरली, आणि उजेड बरोबर स्क्रूच्या डोक्यावर पाडला, हाताची सावली येणार नाही अशा बेताने, किंचित डावीकडून. बाईने तोंडात स्क्रू धरला होता. तारा अदलाबदल करायला वीस मिनिटं लागली. शेवटी मोठी कळ वर गेली, टेस्टर पुन्हा खोबणीत गेला आणि त्यात अंधारच अंधार राहिला.

आई म्हणाली, "झालं? मग पुसू का आता?"

चहा झाल्यावर त्यांनी वही उघडली. तिने सकाळी पेन्सिलने केलेल्या खुणा दाखवल्या, मुद्रितावर करतात तशा, समासात. ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या चुका दोघींनी मिळून मोजल्या नाहीत, नुसत्या एकेक करून बरोबर केल्या. तिला गणित येत नव्हतं आणि बाईला येत होतं. तिला चूक कुठे असेल याचा वास लागे, आणि बाई खरं काय ते सांगे. शनिवारी बसणार का, हे तिने विचारलं नाही. पण तिसऱ्या पानावर बाई आपली आपणच म्हणाली की परीक्षेला स्वतःची पेन्सिल न्यावी लागते की तिथे देतात, कोण जाणे.

ठिपक्याबद्दलही तिने सांगितलं. नऊ वर्षांची असल्यापासूनचं सगळं. बाई मनापासून हसली. म्हणजे सर ज्या नजरेचं कौतुक सांगत ती नजर ही होय, म्हणाली. आणि मग शेवटच्या पानाशी आल्यावर ती थबकली.

"या चारांतली एकही त्यांची नाही म्हणालात. मग त्यांची कुठली? एक तर ठेवली असेल."

तिने वही उन्हाच्या उरलेल्या तिरिपेत तिरकी केली आणि बोट ठेवलं. वहीतला अगदी पहिला प्रश्न बाईने परीक्षेसाठी म्हणून पुन्हा विचारला होता, की दोन दिवे एकापुढे एक जोडले तर पहिल्यातून जास्त वीज जाते आणि दुसऱ्याला उरलेली मिळते का. त्याचं उत्तर हिरव्या शाईत एकाच ओळीत होतं आणि शेवटच्या शब्दाखाली ठिपका होता. बाईने ते सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचलं.

"एकसर जोडणीत दोन्ही दिव्यांतून सारखाच प्रवाह जातो, वाटेत कुणी काही खात नाही."

तिने पुन्हा वाचलं, या वेळी मनात. ठिपक्याला नख लावून पाहिलं.

"हे तर बरोबर आहे."

"हो."

आतल्या खोलीत आई पंख्याच्या वेगावरून स्वतःशीच काहीतरी कुरकुरत होती. बाईने बराच वेळ वही समोर धरली. मग कानामागची पेन्सिल काढली, पानाच्या तळाशी, दोन वर्षं जिथे लिहीत आली होती त्याच जागी लिहिलं, आणि शाई नसतानाही शाई वाळायला ठेवावी तशी वही उघडी ठेवली.

'सर, या खेपेला चूक सापडली नाही.'